मेलोस: अवयव आणि सूर

गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यापासून समुद्र कुठल्याही दिशेने शेकडो किलोमीटर लांब आहे. सील हा प्राणी तर भारताच्या किनाऱ्यावरही राहत नाही. तरीही कचारगडच्या पायथ्याशी, धनेगावात किंवा दरेकशात, एखादं बाळ असं जन्मलं की ज्याचा तळहात जवळजवळ थेट खांद्यापासून निघतो, तर दवाखान्याच्या कागदावर त्याच्या नावापुढे सील येऊन बसतो. फोकोमेलिया. ग्रीक ‘फोके’ म्हणजे सील आणि ‘मेलोस’ म्हणजे हात किंवा पाय. सीलसारखे हातपाय असणं, एवढाच या भारदस्त शब्दाचा अर्थ.

बऱ्याच वाचकांच्या कानावर हा शब्द अलीकडे पडला तो शीतल देवीमुळे. जम्मू-काश्मीरच्या किश्तवाडमधली ही मुलगी हातांशिवाय जन्मली. ती पायाने धनुष्य धरते आणि खांद्याच्या व जबड्याच्या जोरावर प्रत्यंचा ओढून बाण सोडते. 2023 साली हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत तिने दोन सुवर्णपदकं मिळवली, तर 2024च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये राकेश कुमारसोबत कांस्य. तिच्या प्रत्येक बातमीत फोकोमेलिया हा शब्द येत राहिला. पण तो उलगडून क्वचितच कुणी सांगितला. ग्रीक शब्दांचं हेच होतं. ते कळत नाहीत म्हणून स्वच्छ वाटतात.

आत डोकावलं की चित्र बदलतं. हातपाय मुळीच नसणं म्हणजे अमेलिया; नकाराचा ‘अ’ आपल्या संस्कृतातल्यासारखाच. अर्धा अवयव तो हेमिमेलिया, काही भाग असलेला तो मेरोमेलिया. इथपर्यंत नावं मोजमापाची आहेत. एक्ट्रोमेलियातला ‘एक्ट्रोमा’ मात्र गर्भपाताचा शब्द आहे. पेरोमेलियातला ‘पेरोस’ म्हणजे मोडका, अधू. दोन्ही पाय एकत्र जुळलेल्या बाळाच्या स्थितीला सायरेनोमेलिया म्हणतात. त्यात गाण्याने खलाशांना भुलवणाऱ्या सायरेन येऊन बसल्या आहेत. आणि या सगळ्यांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राचं नाव टेरॅटॉलॉजी. ‘टेरास’ म्हणजे अपशकुन, देवाने पाठवलेली भयसूचना, राक्षसी जन्म. गावातल्या कुणी एखाद्या मुलाला ‘थोटा’ म्हटलं की सुशिक्षित माणूस अस्वस्थ होतो. दवाखान्याच्या अहवालातला ‘एक्ट्रो’ वाचताना तो अस्वस्थ होत नाही.

सील या शब्दात कसा शिरला, याची गोष्ट दोन हजार वर्षांहून जुनी आहे. होमरच्या ‘ओडिसी’त समुद्राचा म्हातारा प्रोटियस सीलचे कळप राखतो आणि मेनेलाउस व त्याचे साथीदार सीलची कातडी पांघरून त्याच्या वाटेवर दबा धरतात. ग्रीक माणसाला हा प्राणी ओळखीचा होता. ॲरिस्टॉटलने प्राण्यांच्या वर्णनग्रंथात सीलची नोंद करताना लिहिलं की हा जणू अधू राहिलेला चतुष्पाद आहे, कारण त्याचे पाय खांद्याच्या फऱ्यानंतर लगेच सुरू होतात आणि ते हातांसारखे दिसतात. तिथे त्याने वापरलेलं क्रियारूप ‘पेरोस’शीच नातं सांगणारं आहे. एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरांनी फोकोमेलियाची जी व्याख्या केली, तिचा सगळा ऐवज या एका वाक्यात आधीच होता.

गंमत नव्हे, पण खटकणारी गोष्ट अशी की ही तुलना शरीरशास्त्राने चुकीची आहे. सीलच्या वल्ह्यासारख्या हातात दंडाचं हाड आहे, कोपराखालची दोन्ही हाडं आहेत, पाच बोटंही आहेत. काहीच गहाळ नाही. वरची हाडं आखूड असून धडाच्या कातडीआड झाकलेली असतात, म्हणून बाहेरून बघणाऱ्याला हात खांद्यापासून फुटल्यासारखा वाटतो. ॲरिस्टॉटलने बाहेरून पाहिलं. नाव देणाऱ्यांनीही बाहेरचंच साम्य धरलं.

नाव देणारे होते पॅरिसचे एतिएन जोफ्र्वा सेंत-इलेर आणि त्यांचा मुलगा इझिदोर. 1830च्या दशकात इझिदोरने शरीररचनेतल्या विसंगतींवर अनेक खंडांचा ग्रंथ लिहिला आणि लिनियसने वनस्पती-प्राण्यांची लावली तशी जन्मजात वेगळेपणाची वर्गवारी लावली. फोकोमेल, हेमिमेल, एक्ट्रोमेल ही नावं त्या वर्गवारीतली. टेरॅटॉलॉजी हा शब्दही त्याचाच. आज ही यादी क्रूर वाटते, पण तिच्या काळात ती मोठी सुटका होती. त्याआधी असं बाळ म्हणजे पापाचं फळ, सैतानाचं काम किंवा येणाऱ्या संकटाची खूण. जोफ्र्वा पितापुत्रांनी ठामपणे सांगितलं की यात शापही नाही आणि शकुनही नाही. गर्भाची वाढ ज्या नियमांनी होते, त्याच नियमांनी ती कुठेतरी थांबते. एतिएनने कोंबडीची अंडी उबवताना हलवून, टोचून पाहिलं आणि वाढीत अडथळा आला की पिल्लाचं शरीर बदलतं हे दाखवायचा प्रयत्न केला. ग्रीक नावाने त्या बाळाला देवाच्या कोपातून सोडवलं. फक्त सोडवताना त्याला संग्रहालयातल्या काचेच्या बरणीत नेऊन ठेवलं.

एतिएनच्या अंड्यांची गोष्ट वाचताना मराठी वाचकाला दुसरं अंडं आठवायला हवं. महाभारताच्या आदिपर्वात विनतेला धीर धरवत नाही, ती एक अंडं वेळेआधी फोडते आणि आतून कमरेखालचा भाग पूर्ण न झालेला अरुण बाहेर येतो. तो आईला दास्याचा शाप देतो आणि पुढे सूर्याच्या रथाचा सारथी होतो. त्याचं एक नाव अनूरु. ऊरु म्हणजे मांडी. ती नाही तो अनूरु. बांधणी अमेलियासारखीच आहे, नकार आणि अवयव. कारणही एकोणिसाव्या शतकातलं वाटावं असं: वाढ अर्ध्यात थांबली. फरक एवढा की अनूरु हे बरणीतल्या नमुन्याचं नाव नाही. रोज सकाळी सगळ्यात आधी कामावर येणाऱ्याचं ते नाव आहे. पहाटे दान मागत फिरणाऱ्या पांगुळांची आणि संतांनी रचलेल्या ‘पांगुळ’ रूपकांची परंपरा महाराष्ट्रात होती, ती याच वेळेची.

त्याहून मागे ऋग्वेदात विश्पला आहे. पहिल्या मंडलाच्या 116व्या सूक्तात लढाईत तिचा पाय तुटतो आणि अश्विनीकुमार तिला धातूची जंघा बसवून देतात, तीही धावण्यासाठी. कृत्रिम अवयवाला वैद्यक आज प्रोस्थेसिस म्हणतं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ जोड, भर. या घराण्यातला हा एकच शब्द असा की ज्यात काही उणं नाही.

सुश्रुतसंहितेचं शारीरस्थान कारणाकडे वळतं. गरोदर बाईच्या इच्छा मोडल्या तर बाळ कुबडं, कुणी म्हणजे हाताने अधू, खंज म्हणजे लंगडं होऊ शकतं, असं तिथे म्हटलं आहे. त्या इच्छांचा शब्द दौहृद. आपले डोहाळे त्यातून आले. आज डोहाळजेवणात झोपाळा सजतो आणि ओटी भरली जाते, तेव्हा त्या जुन्या भीतीची आठवण कुणाला नसते. शास्त्र म्हणून हे टिकत नाही. पण दोष बाईवर न टाकता तिच्या इच्छा न पुरवणाऱ्या घरावर टाकणारा हा विचार, ग्रहणाच्या समजुतीपेक्षा पुष्कळ बरा. ग्रहणात गर्भवतीने चिरू नये, कापू नये, नाहीतर बाळाचा ओठ किंवा बोट कापलेलं निघतं, असं अजूनही घरोघर सांगितलं जातं. पुढे काही वेगळं घडलं तर त्या बाईला आयुष्यभर एकच प्रश्न ऐकावा लागतो, तू त्या दिवशी विळीला हात लावलास का? तिच्यासाठी खरं उत्तर असणं म्हणूनच फार गरजेचं आहे.

ते उत्तर बऱ्यापैकी हाती आलं आहे. गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्याच्या अखेरीस हातांचे अंकुर फुटतात, एक-दोन दिवसांनी पायांचे. आठव्या आठवड्यापर्यंत बोटं वेगळी होतात. म्हणजे अनेक बायकांना दिवस गेल्याची नीट खात्री व्हायच्या आतच हातपायांचा बराचसा आराखडा ठरलेला असतो. त्या चार आठवड्यांत काही गडबड झाली तर कारणं वेगवेगळी निघतात. एखाद्या जनुकातला बदल, अंकुराकडे जाणारा रक्तपुरवठा तुटणं, गर्भाभोवतालच्या पातळ पडद्याचा धागा सुटून बोटाभोवती किंवा हाताभोवती आवळला जाणं, एखादं औषध. पुष्कळदा कारण सापडतही नाही. परदेशातल्या मोठ्या नोंदवह्यांवरून साधारण दोन हजार जन्मांमागे एका बाळाच्या हातापायाचा काही भाग तयार झालेला नसतो. विळी या यादीत कुठेही नाही.

औषधाचं उदाहरण जगाला ठाऊक आहे. 1957च्या ऑक्टोबरमध्ये पश्चिम जर्मनीत केमी ग्र्युनेन्थाल कंपनीने थॅलिडोमाइड ‘कॉन्टरगॅन’ या नावाने बाजारात आणलं. झोपेसाठी सुरक्षित, म्हणून गरोदर बायकांनाही चालणारं. चार वर्षांत अनेक देशांत मिळून दहा हजारांहून अधिक मुलं आखूड किंवा नसलेल्या हातापायांसह जन्मली. गर्भधारणेनंतरच्या विसाव्या ते छत्तिसाव्या दिवसांच्या दरम्यान घेतलेल्या गोळ्यांनी हा घात केला. जर्मनीत विडुकिंड लेन्झ आणि ऑस्ट्रेलियात विल्यम मॅकब्राइड यांनी धोका ओळखला आणि 1961च्या नोव्हेंबरअखेर जर्मनीत औषध मागे घेतलं गेलं. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या अधिकारी बाईंनी पुरावा अपुरा म्हणून परवानगी अडवून धरली होती. कंपनीने माफी मागितली ती 2012 साली. औषध नेमकं काय करतं, याचा धागा 2010मध्ये जपानी शास्त्रज्ञांना लागला. ते पेशीतल्या सेरेब्लॉन नावाच्या प्रथिनाला चिकटतं. 2018मध्ये त्यापुढची कडी जुळली; अवयव घडवण्यासाठी लागणारं एसएएलएल-4 हे प्रथिन त्यामुळे नष्ट होतं.

विदर्भाला या औषधाची दुसरी बाजूही जवळची आहे. 1964मध्ये जेरुसलेमला जेकब शेस्किन या डॉक्टरने वेदनेने झोप न येणाऱ्या कुष्ठरुग्णाला थॅलिडोमाइड दिलं, केवळ झोपेसाठी, आणि कुष्ठातली दाहक उद्रेकाची अवस्थाच झपाट्याने शमली. त्याच विकारासाठी 1998मध्ये अमेरिकेने या औषधाला कडक अटींसह मान्यता दिली. गोंदियापासून गडचिरोली, चंद्रपूरपर्यंतचा हा पट्टा कुष्ठरोग दीर्घकाळ सोसलेला. वरोऱ्याच्या आनंदवनामागची महारोगी सेवा समिती बाबा आमट्यांनी 1949 साली स्थापन केली. जन्माआधी हातपाय हिरावणाऱ्या औषधाने ज्यांना आराम दिला, ते हे बोटं झडलेले लोक. बोटं झडतात असं आपण म्हणतो खरं. प्रत्यक्षात नसा बधिर होतात, जखमा कळत नाहीत आणि हाड हळूहळू झिजत जातं. इथेही नावाने समजुतीला वाकडं वळण लावलं.

थॅलिडोमाइडने फोकोमेलिया हा दुर्मीळ शब्द घरोघरी नेला. तो नेला तसाच सैलही झाला. हात आखूड दिसला की फोकोमेलिया, असं होऊ लागलं. 1961मध्येच अमेरिकेत फ्रांट्झ आणि ओराहिली यांनी जन्मजात अस्थि-अभावांची नवी मांडणी केली होती. पुढे 1989मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने एक प्रमाण पद्धत ठरवली, आणि तिने ग्रीक नावं बाजूलाच ठेवली. अवयव आडवा थांबला आहे की त्याच्या लांबीत एखादं हाड कमी आहे, ते कुठल्या पातळीवर, पूर्ण की अंशतः, एवढं साध्या शब्दांत सांगायचं. या शतकाच्या सुरुवातीला हाताच्या शल्यविशारदांनी फोकोमेलिया म्हणून नोंदलेले रुग्ण पुन्हा तपासले, तेव्हा त्यांतले बरेचसे हात जुन्या व्याख्येत बसेनात. मधला भाग गाळून हात पुढे उगवला, असं क्वचितच घडलेलं होतं. बहुतेकांत सगळ्याच पातळ्यांवर थोडंथोडं उणं होतं. म्हणजे सील शरीरशास्त्रात चुकीचा होता, आणि निदानातही फारसा उपयोगी नव्हता.

मराठीतले शब्द यापेक्षा निराळ्या वाटेने गेले. लुळा, पांगळा, लंगडा, थोटा ही बोलीतली नावं शरीर काय करतं किंवा कसं दिसतं ते सांगतात. थोटा आणि विडीचं थोटूक एकाच घरातले, उरलेला तुकडा. विकलांग संस्कृतातून आला. त्यातल्या विकलचा मूळ अर्थ एखादा भाग नसलेला, म्हणजे मेरोमेलियाचा सख्खा भाऊ. 1995च्या कायद्यात आपण अपंग म्हणत होतो. 2015च्या डिसेंबरमध्ये पंतप्रधानांनी दिव्यांग शब्द सुचवला, 2016चा कायदा त्या नावाने ओळखला जाऊ लागला आणि महाराष्ट्राने 3 डिसेंबर 2022 रोजी दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. दिव्य हा शब्द अनेकांना आवडला. अनेकांना तो नको आहे, कारण त्यांना दिव्यत्व नव्हे, रॅम्प आणि बसमध्ये चढता येईल अशी पायरी हवी आहे. 2024च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटांतल्या चित्रणाविषयीच्या निकालात हिणवणाऱ्या शब्दांवर बोट ठेवलं. हे सगळं योग्यच झालं. पण दिव्यांग म्हटल्याने कुठल्या हाताचं कुठलं हाड नाही हे कळत नाही, आणि फोकोमेलिया म्हटल्यानेही कळत नाही. एक शब्द सन्मानासाठी घडला, दुसरा वर्गवारीसाठी. बाळाच्या आईला दोन्हींच्या मधलं काहीतरी हवं असतं.

प्राण्याचं नाव माणसाला लावणं हा मुळात अपमान आहे का, हा प्रश्न कचारगडला वेगळा दिसतो. माघ पौर्णिमेच्या सुमारास इथे कोया पुनेमची, म्हणजे गोंडांच्या धर्माची, यात्रा भरते. महाराष्ट्रासह छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणातून गोंड समाजाची माणसं दरेकसा स्टेशनावर उतरतात आणि जंगलातून डोंगरातल्या प्रचंड गुहेकडे चढतात. गोंडांच्या गोत्रव्यवस्थेत प्रत्येक कुळाचं प्राणी, पक्षी, झाड यांच्याशी नातं असतं. टेकाममध्ये टेका म्हणजे साग आहे, मरकाममध्ये मरका म्हणजे आंबा. आपल्या कुळाच्या जिवाला मारायचं नाही, झाड तोडायचं नाही, उलट राखायचं. इथे प्राण्याशी जोडलं जाणं म्हणजे एक जबाबदारी आणि एक आधार. पॅरिसच्या संग्रहालयातल्या सीलमध्ये हे नातं नव्हतं. ते बघणाऱ्याने दुरून लावलेलं लेबल होतं. दुखतं ते प्राण्यामुळे नाही, दुरून बघण्यामुळे.

त्या गुहेची कथाही मेलोसपासून दूर नाही. तिची रूपं अनेक आहेत, पण गाभा असा सांगितला जातो: काली कंकालीची तेहतीस मुलं गुहेत कोंडली गेली, तोंडावर अजस्र शिळा होती. जंगो रायतारला त्यांची कणव आली. धर्मगुरू पारी कोपार लिंगोच्या सांगण्यावरून हिरासुका पाटालीरने किंगरी हे तंतुवाद्य वाजवलं. त्या सुरांनी आतल्या मुलांच्या अंगात बळ संचारलं, त्यांनी आतून आणि त्याने बाहेरून जोर लावला, शिळा ढळली. मुलं सुटली, हिरासुका त्याच शिळेखाली गेला. आता ग्रीक कोश उघडावा. होमरच्या काव्यात मेलोस म्हणजे शरीराचे अवयव. पुढच्या कवींच्या काळात त्याच शब्दाचा अर्थ झाला गीत, सुरावट; त्यातूनच मेलडी आली, मेलोड्रामाही. सांध्यासांध्याने जुळलेलं शरीर आणि तुकड्यातुकड्याने जुळलेलं गाणं यांना ग्रीकांनी एकच नाव दिलं. आपल्याकडे रागाला पूर्वांग आणि उत्तरांग असतं, तेव्हा आपणही तेच करतो.

सुरांतून हाडांकडे परत यायला हवं, कारण सालेकशाच्या घरात शब्द पोचतो तो साधारणपणे दोन वाटांनी. एक, अठरा ते वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीचा अहवाल. गर्भपाताच्या कायद्यातल्या 2021च्या दुरुस्तीनंतर गर्भात गंभीर दोष असल्यास वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने चोवीस आठवड्यांनंतरही गर्भपाताचा निर्णय घेता येतो. म्हणजे त्या कागदावरच्या एका ग्रीक शब्दावर घरात काही दिवस फार जड बोलणी होतात, आणि अशा वेळी नुसता हात आखूड आहे की सोबत हृदयाचाही प्रश्न आहे, हे उलगडून सांगणं अत्यावश्यक ठरतं. दुसरी वाट जन्मानंतरची. 2013पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत मुलं तपासतात. त्यांच्या जन्मजात दोषांच्या यादीत वाकडं पाऊल आहे, नितंबाचा निखळलेला सांधा आहे; हातापायाचं हाडच नसणं स्वतंत्र नावाने नाही. शिवाय या तालुक्यात घरची भाषा मराठीच असेल असं नाही. कुठे गोंडी, कुठे छत्तीसगढी, कुठे पोवारी. गोंडीत हात म्हणजे कय आणि पाय म्हणजे काल, तमिळच्या कै आणि काल यांचे हे जवळचे नातेवाईक. संस्कृतातून घडवलेले मराठी पारिभाषिक शब्द त्या घराला ग्रीकइतकेच परके असतात.

मानक संस्थेची पद्धत इथे अनपेक्षितपणे कामाला येते, कारण ती सहज बोलीत उतरते. उजवा हात. कोपराखालच्या दोन हाडांपैकी अंगठ्याच्या बाजूचं नाही. अंगठा नाही. बाकी चार बोटं आहेत आणि ती पकडतात. कोपर वाकतं. मनगट आतल्या बाजूला वळलेलं आहे, ते हळूहळू ताणून, पट्टी बांधून आणि पुढे गरज पडली तर शस्त्रक्रियेने सरळ करता येतं. काही मुलांत तर्जनीचाच अंगठा करून देतात. हे गोंडीत, छत्तीसगढीत, कुठल्याही भाषेत सांगता येतं, आणि त्यातल्या प्रत्येक तुकड्यामागे एक पुढचं काम असतं. अंगठ्याच्या बाजूचं हाड नसेल तर बाळाच्या हृदयाची तपासणी करायची, कारण हात आणि हृदय दोन्हींवर परिणाम करणारा एक जनुकीय विकार असतो. मूत्रपिंडं आणि पाठीचे मणके पाहायचे. रक्तातल्या प्लेटलेट मोजायच्या. काही बाळांत त्या फार कमी असतात आणि सुरुवातीच्या महिन्यांत रक्तस्रावाचा धोका असतो. रक्त तयार करणारी मज्जाच पुढे काही वर्षांनी थकणार असेल, तर त्याचीही पहिली खूण कधीकधी हा अंगठाच असतो. मग आई विचारते, पुढच्या बाळालाही असंच होईल का. त्याचं उत्तर हाड कुठलं नाही यावर, आणि या सगळ्या तपासण्यांत काय निघालं यावर अवलंबून असतं.